अक्काचा नाका

अक्काला उघडी वस्तू बघवत नसे. कुणाच्या घरी गेली तर बोलता बोलता तिचा हात टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीकडे जायचा आणि झाकण घट्ट बसवूनच परत यायचा. ऑफिसात पेनांची टोपणं, पाण्याच्या बाटल्या, कपाटांची दारं, सगळं ती येता-जाता मिटत जायची. एकदा स्टँडवर पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या पिशवीची चेन तिने मागून ओढून लावली. तो दचकून वळला आणि तिच्यावर चोरीचा आळ घ्यायला लागला. अक्का शांतपणे म्हणाली, "पावणं, चोर असतो तर उघडली असती की. लावली कशाला असती?" आमच्याकडच्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. पावण्याने पिशवी छातीशी धरली आणि दुसरी रांग गाठली.

समोर आम्ही तिला अहो-जाहो करायचो. आठवणीत मात्र ती 'ती'च आहे.

आमचं ऑफिस शाहूपुरीत, एका अरुंद जिन्यावर. खाली मालकांचा जुना छापखाना. मालकांनी उभी हयात लग्नपत्रिका छापण्यात घालवली होती. पुढे लोक पत्रिका मोबाईलवरच पाठवायला लागले, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावर चार कॉम्प्युटर मांडून वेबसाइटचं काम सुरू केलं. वेबसाइट म्हणजे त्यांच्या लेखी मोठी पत्रिकाच. वर गणपती पाहिजे, नावं ठळक पाहिजेत, आणि श्री. आणि सौ. कुठेही चुकता कामा नये. या बाबतीत ते फार हळवे होते. कधीकाळी त्यांच्या छापखान्यातून एका वरमाईच्या नावामागे श्री. लागून पत्रिका गेली होती. मांडवात त्यावरून जे काही झालं, ते सांगताना ते अजूनही रुमाल काढायचे.

मी शाहूवाडीकडचा. घरी भातशेती, आणि गाव सोडून नोकरीला आलेला मी पहिलाच. पहिल्या दिवशी जिना चढून वर गेलो तर अक्का दारातच उभी. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तम्मा, आलायस बरं. आधी मागचं दार लाव." कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ती गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात कानडी आणि बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही. त्या दिवसापासून मी तिचा तम्मा झालो आणि तिच्या डब्यातल्या कडक भाकरीचा, शेंगाच्या चटणीचा वाटेकरीही.

तिचं हे मिटण्याचं वेड कामात मात्र उपयोगी पडलं. वेबसाइटचं पान पडद्यावर दिसतं त्याच्या आत खुणांनी बांधलेलं असतं. इथे मथळा सुरू झाला, इथे संपला. इथे परिच्छेद सुरू झाला, इथे संपला. उघडलेली खूण मिटायची, हा साधा नियम. आणि तो विसरला तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, हीच खरी अडचण. पान दाखवणारा ब्राउझर आपल्या चुका पोटात घालतो, अंदाजाने सावरून घेतो आणि पान दिसतं ठीकठाक. अक्का म्हणायची, "ब्राउझर म्हंजे आजोळ हाय. पोरगं कसंबी वागू दे, आजोळी लाडच. सासरी गेल्यावर कळतंय."

सासर म्हणजे काय, ते तिला तिच्या आईमुळे कळलं होतं. आई तिच्याकडेच राहायची; तिला घरात सगळे अव्वा म्हणत, आम्हीही अव्वाच म्हणायचो. अव्वा भयंकर वाचणारी बाई. काचबिंदूने तिची नजर गेली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही खचणार. ती खचली नाही, पण चिडली. नातवाने तिच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. अव्वाने मोठ्या हौसेने एक पान उघडलं. आवाज म्हणाला, "बटण." बोट पुढे सरकवलं. "बटण." आणखी पुढे. "बटण." कुठलं बटण कशाचं, याचा पत्ता नाही, कारण ते पान बांधणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. डोळ्यांना चित्रं दिसत होती, तेवढ्यावर त्याचं भागलं होतं. अव्वाने फोन बाजूला ठेवला आणि लेकीला विचारलं, "तुमच्या गावात सगळ्या दारांवर नुसतं 'दार' लिवून ठेवत्यात काय गं?"

अक्काने हे आम्हाला डबा खाताना सांगितलं. आम्ही हसलो. ती हसली नाही. "ते पान दुसऱ्या कुणाचं होतं म्हणून वाचलो," ती म्हणाली, "आपलं असतं तर मी घरी काय तोंड दाखवलं असतं?" आणि त्याच आठवड्यात तिने नाका बसवला.

नाका हे नाव मालकांनी दिलं. खरं तर तो तपासणीचा प्रोग्राम होता. आम्ही पानात काही बदल करून जतन केलं की तो आपोआप पान वाचायचा आणि चूक सापडली की लाल अक्षरांत ओरडायचा. पान इंटरनेटवर चढवायच्या आधी पुन्हा एकदा वाचायचा, आणि चूक असली तर चढवूच द्यायचा नाही. अशी तपासणी जगभर करतात, त्यात आमचं कौतुक काही नाही. पण ती इंग्रजीत बोलते आणि आम्ही ती लाल अक्षरं वाचायच्या आधीच खिडकी बंद करायचो. कोपऱ्यावर पोलीस दिसला की गल्लीतून गाडी काढतात, तसलाच प्रकार. अक्काने दोन-चार दिवस हे बघितलं आणि एके दिवशी सगळे निरोप आमच्या भाषेत करून टाकले.

त्यानंतर मी एक परिच्छेद मिटायला विसरलो आणि पडद्यावर आलं, "पावणं, दार उघडं हाय." खाली ओळीचा क्रमांक. चित्राला वर्णन दिलं नाही, "चित्राला नाव न्हाई. बारसं करा." एकच ओळखनाव दोन ठिकाणी वापरलं, "एका नावाची दोन माणसं. हाक मारली तर दोघं येतील की." मोठ्या मथळ्यावरून मधला वगळून एकदम बारक्या मथळ्यावर उडी मारली, "पायरी चुकली. पडशीला." आम्ही हसायचो, एकमेकांना वाचून दाखवायचो, आणि हसता हसता चूक दुरुस्त करायचो. इंग्रजीतल्या ओरडण्याला जी किंमत नव्हती ती या चार शब्दांना आली, कारण ते वाचताना अक्काचा आवाज ऐकू यायचा.

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसली. सगळं बरोबर असलं की नाका गप्प राहायचा. मी म्हणालो, "अक्का, चुकल्यावर बोलतोय, मग बरोबर आल्यावर एक 'शाब्बास' तरी लिहा की." ती म्हणाली, "चांगल्या चाललेल्या गाडीला थांबवून पोलीस शाब्बास म्हंतोय व्हय? बरोबर असलं की गप बसायचं. गप बसणं हीच शाब्बासकी." तेव्हा मला ते कंजूषपणाचं वाटलं होतं.

मालकांना हा नाका अजिबात आवडत नव्हता. पत्रिकेचं प्रूफ एकदा बघायचं आणि मशीन सोडायचं, ही त्यांची शिस्त. इथे पान डोळ्यांना झकास दिसतंय, गिऱ्हाईक खाली बसून चहा पितंय आणि वर नाका म्हणतोय बारसं करा. "अक्का," ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला आतलं काय दिसतंय? पत्रिकेची मागची बाजू कोण बघतंय का?" अक्का म्हणायची, "मालक, काही लोकांना मागचीच बाजू ऐकू येती." हे भांडण रोजचं होतं आणि दोघंही ते चवीने करायची. पण एकदा मालक खरंच वैतागले. म्हणाले, हातातलं काम होऊ दे, त्यानंतर नाका बंद.

हातातलं काम होतं एका महिला मंडळाच्या वाचनालयाचं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वाचकांसाठी त्यांनी पुस्तकं आवाजात भरून घेतली होती, आणि साइटवर जाऊन हवं ते पुस्तक निवडायचं, ऐकायचं, अशी सोय करायची होती. अव्वा त्या वाचनालयाची जुनी सभासद. नजर गेल्यापासून तिला कुणी ना कुणी पुस्तक निवडून देत होतं. सून गावाकडून आली की द्यायची स्तोत्रं, नातू द्यायचा भुतांच्या गोष्टी, वाचनालयातल्या बाई द्यायच्या थोरांची चरित्रं. अव्वा सगळं ऐकायची आणि म्हणायची, "लई चांगलं हाय, पर हे मी न्हाई निवडलं." माणसाचं म्हातारपण कशात असतं, ते मला या वाक्यात कळलं. अक्काला या कामातून बाकी काही नको होतं. अव्वाने एक पुस्तक, कुणालाही न विचारता, आपल्या बोटाने निवडावं. बास.

इतकं काळजीने काम मी नंतरही केलेलं नाही. प्रत्येक बटणाला नाव, प्रत्येक मुखपृष्ठाला वर्णन. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत भाषेचा संकेत असतो. त्यावरून वाचणाऱ्या आवाजाला कळतं की हे मराठी आहे, मराठीत वाचायचं. मराठीचा संकेत दोन इंग्रजी अक्षरांचा, एमआर. नाका दिवसभर बोलायचा, मग कमी बोलायला लागला, मग गप्प झाला. वाचनालयात साइटच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पान चढवून निश्चिंत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मुद्दाम घरी थांबली होती, अव्वाजवळ. मी ऑफिसात होतो. मालक नवा शर्ट घालून कार्यक्रमाला निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात अक्काचा फोन आला.

"तम्मा, अव्वाचा फोन फिरंगी बोलाय लागलाय."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे मराठी अक्षरं साहेबाच्या तोंडानं वाचालाय. अर्धं वाचतोय, अर्धं गिळतोय. अव्वा म्हंती, याच्या तोंडात सुपारी हाय का?"

मी नाका चालवून बघितला. गप्प. म्हणजे सगळं बरोबर. पुन्हा चालवला. गप्प. फोनवर मागून अव्वाचा आवाज येत होता, "ऱ्हाऊ दे गं, नातवाला निवडाय सांग." तेवढं ऐकून मी पानात वर-खाली कुठेही शोधत सुटलो. अक्काने एकच गोष्ट सांगितली, "घाई करू नको. पहिल्या ओळीपासून वाच. मोठ्यांदा." मी फोन स्पीकरवर टाकला आणि वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत भाषेचा संकेत. एम. आर. एस.

अक्काने अगदी हळू विचारलं, "एस कुणी लावला?"

मालक दारातच थबकले. "मी," ते म्हणाले. "काल जाताना एकदा नजर टाकली. थोडं थोडं कळतंय की मला आता. बायकांचं मंडळ, अध्यक्ष बाई, आणि पहिल्याच ओळीत मिस्टर? आपली अब्रू जाईल म्हणून मिसेस केलं आणि पान परत चढवलं."

मला हसावं की रडावं कळेना. वरमाईच्या नावामागे लागलेला तो श्री. इतक्या वर्षांनी फिरून आला होता. आणि फोनमधून अक्काचं हसू यायला लागलं. आधी दाबलेलं, मग उघडं. कुठलीही गोष्ट उघडी न टाकणारी बाई इतकी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

नाका गप्प का बसला, ते तिनेच शोधून काढलं. त्याला जगातल्या सगळ्या भाषांचे संकेत ठाऊक होते, आणि मिसेसची ती तीन अक्षरं कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या भाषेची निघाली. "बिचाऱ्याला वाटलं, पावणं लांबचं हायत, कागद बरोबर हायत, जाऊ दे," अक्का म्हणाली. मालक ओशाळून खुर्चीत बसले होते. ती त्यांना म्हणाली, "मालक, चूक तुमची न्हाई, नाक्याची हाय. कागद बघितला, माणूस न्हाई बघितला."

मी एस काढला, नाका चालवला, पान चढवलं. फोन स्पीकरवरच होता. मालक कार्यक्रम विसरून त्याच्याकडे कान लावून बसले. पलीकडे फोनचा आवाज आता स्वच्छ मराठीत बोलत होता. "कथा. बटण. प्रवासवर्णनं. बटण. स्वयंपाक. बटण." मध्येच नातवाचा आवाज आला, "आज्जी, तिथं न्हाई, वर." आणि अव्वा कडाडली, "बेड, बेड." कानडीत नको नको. "हात काढ. चुकलं तर माझं चुकंल." पहिल्यांदा तिचं बोट स्वयंपाकावर पडलं. आवाजाने वड्यांचे प्रकार वाचायला घेतले. अव्वा स्वतःच मागे आली, थांबली, आणि एक प्रवासवर्णन उघडलं, बर्फाच्या डोंगरांचं. पन्हाळ्यापलीकडे डोंगर न चढलेली बाई. निवेदक बोलायला लागला आणि अव्वा म्हणाली, "आता सगळी गप बसा. मी निघालो."

मालकांनी चष्मा काढून पुसला. कार्यक्रमाला जाताना जिन्यावरून वळून मला म्हणाले, "तो नाका ऱ्हाऊ दे रं."

अक्काने त्याच दिवशी दुपारी येऊन नाक्याला नवा नियम शिकवला. आमच्या पानांवर मराठी, कानडी, हिंदी किंवा इंग्रजी, याशिवाय कुठलाही संकेत दिसला की निरोप येणार, "पावणं, ही बोली कुठल्या गावची?" पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. त्यानंतर प्रत्येक पान चढवायच्या आधी ती आम्हाला डोळे मिटून एकदा ऐकायला लावायची. "मशीन दार मिटलंय का बघतंय," ती म्हणायची, "आत माणूस राहू शकतंय का, ते आपण बघायचं." आमच्यातल्या कुणी कंटाळा केला तर मालकच ओरडायचे.

पुढे तिच्या नवऱ्याची धारवाडला बदली झाली. अव्वाही तिच्याबरोबर निघाली. शेवटच्या दिवशी अक्काने कपाटं मिटली, बाटल्यांची टोपणं लावली, माझ्या उघड्या डब्यावर झाकण ठेवलं. मला तिला काहीतरी मोठं सांगायचं होतं. तुम्ही नसता तर मी नोकरीवर येऊन-जाऊन राहिलो असतो, काम शिकलो नसतो, असं काहीतरी. तोंडातून निघालं, "अक्का, नाक्याचं काय?" ती म्हणाली, "नाका कुणाच्या बापाचा नसतो, तम्मा. जो तिथं उभा, त्याचा." मग पदर सावरला. "येतो," म्हणाली, आणि जिना उतरली. खालचं दार लावल्याचा आवाज वरपर्यंत आला.

तिची आठवण येते, असं म्हणणं खोटं ठरेल. ती दिवसातून कितीदा तरी पडद्यावरच बोलते. आता काम मी बघतो. हल्लीच लागलेली एक मुलगी, फार हुशार, पहिल्याच आठवड्यात मालकांकडे गेली. हे निरोप जुनाट आहेत, वेळ खातात, बंद करायचे का, असं तिने विचारलं. मालक म्हणाले, "बाई, ती अक्काची जागा हाय. तितं माझंबी चालत न्हाई." ती मुलगी परत येऊन मुकाट्याने काम करायला लागली आणि संध्याकाळी मला विचारायला आली, "सर, ह्या अक्का कोण?"

तिनेच गेल्या महिन्यात वाचनालयाची साइट नव्याने बांधली. देखणी केली. पुस्तकांची नवी मुखपृष्ठं लावली आणि नाका गप्प राहिला. मी त्या दिवशी गडबडीत ऐकायचं उद्यावर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी साइटवरच्या सूचनापेटीत एक निरोप येऊन पडला होता. बोलून लिहिलेला, त्यामुळे विरामचिन्हांचा पत्ता नव्हता.

"पावणं दार मिटलंय पर पाटी चुकलीया सगळ्या पुस्तकांच्या चित्राचं नाव चित्र ठेवलायसा पोराचं नाव कुणी पोरगं ठेवतंय का बारसं नीट करा मी धारवाडात हाय पर कान तितंच हाय"

नाव नव्हतं. गरजही नव्हती. निरोपाची भाषा अक्काची होती, पण कान अव्वाचे.

मी ते त्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लाल झाली, मग हसली, मग खुर्ची ओढून बसली. नाका कागद बघतो, आणि कागदावर प्रत्येक चित्राला नाव होतं. आम्ही दोघांनी मिळून एकेका पुस्तकाला नीट नाव दिलं. कुठल्या मुखपृष्ठावर काय आहे, कुणाचं पुस्तक आहे, सगळं. मग तिने न सांगता नाक्यात एक नवा निरोप भरला, "पोराचं नाव पोरगं ठेवू नका." शेवटी आम्ही दोघं डोळे मिटून पूर्ण साइट ऐकत बसलो. मालक येऊन मागे उभे राहिले आणि तेही ऐकत होते.

मी सूचनापेटीतून धारवाडला उत्तर पाठवलं, "बारसं झालं, अव्वा. ऐकून बघा." वाचनालयातल्या बाईंनी संध्याकाळी सांगितलं, की धारवाडच्या आजींनी आज दोन पुस्तकं काढलीत आणि तिसरं ऐकून परत ठेवलंय. मला मात्र आजवर काही उत्तर आलेलं नाही. अव्वा गप्प बसली आहे.